मोनोपोलर खरवस

गेलं वर्षभर आमच्या गल्लीत खरवस तीन प्रकारचा मिळत होता. मोनोपोलर, बायपोलर आणि सुयांचा. पहिला बुडापर्यंत घट्ट जमलेला असायचा. दुसऱ्याचा वरचा थर तेवढा जमायचा, खाली चीक तसाच पातळ. तिसरा बघायलाच विचित्र. वरून काही झालंय असं वाटायचं नाही, पण चमचा घातला की आत साबुदाण्याएवढे दाणे लागायचे. उरलेल्या सोलापूरला खरवस माहीत आहे तो कुकरच्या डब्यातला. त्यांच्या शेजारी चनबसप्पा राहत नाहीत, एवढाच फरक.

"बाई, चव सांगू नका. कुटपर्यंत शिजलंय तेवढं सांगा," असं म्हणत चनबसप्पा संध्याकाळी पाचला फाटकात डबा घेऊन उभे. मी शाळेत शिकवते, म्हणून सगळी गल्ली मला बाई म्हणते. पाचला मी घरी पोचते तेव्हा माझ्या एका खांद्यावर पर्स, दुसऱ्या हातात वह्यांचा गठ्ठा आणि डोक्यात दिवसभराचा वर्गातला कल्ला असतो. तशा अवस्थेत डब्यात चमचा उभा घालायचा, जमलेला थर कुठे संपतो ते बघायचं आणि आकडा सांगायचा. "असेल अर्धा इंच" असं ढोबळ उत्तर चालायचं नाही. चनबसप्पा खिशातून स्टीलची सहा इंची पट्टी काढायचे. बाकीचे निवृत्त लोक ज्या खिशात पेन ठेवतात, त्या खिशात त्यांची पट्टी असते.

"चार मिलिमीटर," मी म्हणायची.

"चार? काल साडेतीन होतं की!" आणि मग फाटकातच वही उघडून नोंद.

चनबसप्पा, म्हणजे आमचे अप्पा, माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं वायरमन होते. उंच, किडकिडीत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि डोक्यावर पांढरी टोपी. घरात कानडी, गल्लीत मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. चादरीच्या कारखान्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कुठल्याही गोष्टीची जाडी बघितल्याशिवाय चैन पडत नसावं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "वरचं सोडा. आत किती?"

हे वाक्य ते कुठेही लावतात. कलिंगडवाल्याला लावतात, तो बिचारा आता अप्पा दिसले की आधीच एक फळ कापून ठेवतो. गल्लीत कुणी ओटा बांधून घेतला की गवंड्याला लावतात. माझ्या मुलीला दहावीला ब्याण्णव टक्के मिळाले तेव्हा मी पेढे घेऊन गेले. अप्पांनी पेढा घेतला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ब्याण्णव वर दिसतंय. आत किती हाय?" मुलगी त्यानंतर आठ दिवस मागच्या दारानं ये-जा करत होती. एकदा शेजारच्या घरी मुलगा बघायला पाहुणे आले होते, तेव्हा अप्पांना कुणीतरी चुकून बैठकीला बोलावलं. नोकरी, घर, शेती सगळं सांगून झालं. अप्पांनी मुलाच्या वडिलांना तेच विचारलं. ते लग्न पुढे झालं, पण अप्पांना पत्रिका आली नाही.

सुयांचा नाद मात्र सुमामुळे लागला. सुमा ही अप्पांच्या धाकट्या भावाची मुलगी. अप्पांना आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे अक्कांना, मूल नाही, सुमाला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, कातडीची डॉक्टर केलं. ती अप्पांना दोड्डप्पा म्हणते, अक्कांना दोड्डव्वा. कानडी घरात थोरल्या काका-काकूला म्हणतात तसं. मागच्या वर्षी तिनं सात रस्त्याच्या पुढे स्वतःचा दवाखाना काढला आणि त्यात रेडिओफ्रिक्वेन्सीचं यंत्र आणलं. कातडीच्या आत ऊब पोचवायची, म्हणजे सैल पडलेली कातडी आवळते आणि जुने व्रण मऊ पडतात, असं त्याचं काम. यंत्राला वेगवेगळे हेड असतात: मोनोपोलर, बायपोलर, सहा पोलांचा, सुयांचा. कुठला हेड लावला त्यावर ऊब किती आत जाणार ते ठरतं. हे ऐकलं आणि अप्पांचे कान टवकारले. आयुष्यभर जो प्रश्न ते जगाला विचारत होते, त्याचं उत्तर देणारं यंत्र पुतणीनं आणलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी पूजा झाली, नारळ फुटला, उदबत्तीचा वास दरवळत होता. कंपनीचा माणूस पुण्याहून आला होता, गळ्यात टाय, घामाघूम. यंत्र कसं चालतं ते दाखवायला म्हणून त्यानं पिशवीतून एक पुडी काढली, सोडली आणि टेबलावर कच्च्या कोंबडीचा तुकडा ठेवला. समोर सगळे लिंगायत पाहुणे.

"हे काय हाय?" अप्पांनी विचारलं.

"सर, चिकन ब्रेस्ट. माणसाच्या त्वचेच्या सर्वात जवळचं."

"कुणाच्या जवळचं?"

माणसाला आपली चूक कळली. पुडी पिशवीत परत गेली, टेबलावर गोमूत्र शिंपडून झालं. मग तो हळूच म्हणाला, "अंड्याच्या पांढऱ्यावरही दाखवता येतं. जिथवर ऊब पोचते तिथवर ते पांढरं होतं."

"अंडं कुणाचं असतंय?" अप्पा म्हणाले.

शेवटी त्यानं एका टोमॅटोवर यंत्र चालवलं. टोमॅटोला काही झालं नाही. टोमॅटो तसाच राहिला आणि कंपनीचा माणूस लाल झाला.

पाहुणे हसत होते, लाडू वाटले जात होते, तेवढ्यात सुमा सहज म्हणाली, "या सुयांच्या हेडनं दोड्डव्वाच्या डागाचंही काही करता येईल."

लाडवांचं ताट फिरायचं थांबलं. का थांबलं हे गल्लीतल्या कुणालाही कळलं असतं. अक्कांना एक जुना भाजल्याचा डाग आहे आणि तो अप्पांमुळे आहे. लग्नानंतर वर्षभरात अप्पांनी घरी केलेल्या कुठल्याशा यंत्रानं अक्कांना भाजलं. एवढंच आम्हाला माहीत. मी त्यांच्या शेजारी अकरा वर्षं राहते, पण डाग कधी बघितला नाही. अक्कांचा इरकलीचा पदर डोक्यावरून अंगभर घेतलेला असतो. त्या घरात या विषयावर बोलणं नाही. सगळ्या जगाला आत किती म्हणून विचारणारा माणूस या एका बाबतीत तोंडाला कुलूप लावून बसतो.

"पूर्न जाईल?" अप्पांनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

"पूर्ण नाही जाणार, दोड्डप्पा. जुना आहे. मऊ पडेल, रंग जरा मिसळेल. पण किती खोल जायचं ते नीट ठरवायला लागतं. कमी गेलं तर उपयोग नाही. जास्त गेलं तर नवा डाग."

'नवा डाग' हे दोन शब्द अप्पांच्या डोक्यात बसले ते बसलेच. "आत किती जातंय ते माझ्या डोळ्यानं दिसल्याबिगर तिच्या अंगाला हे लागणार न्हाय," त्यांनी जाहीर केलं.

सुमानं समजावून सांगितलं की तिला याचं रीतसर शिक्षण मिळालंय. सुया किती आत जाणार तो आकडा यंत्राच्या पडद्यावर दिसतो, तो बसवला की सुया तेवढ्याच जातात.

"ते यंत्राचं म्हणणं झालं," अप्पा म्हणाले.

पंधरा दिवस त्यांना शाकाहारी कातडी सापडेना. दुधी भोपळा झाला, वांगं झालं, भिजवलेल्या भाकरीचे थर झाले. मग वळसंगला मेहुण्याची म्हैस व्याली आणि पहिल्या दिवसाचा चीक घरी आला. अक्कांनी डबा कुकरला लावला होता. अप्पांनी मधेच कुकर उघडला, डबा बाहेर काढला आणि बघतात तर कडेनं जमलेला, मधे पातळ. जिथवर ऊब पोचली तिथवर जमलेला! म्हणजे अंड्याचं काम म्हशीनं केलं. अप्पा तसेच अनवाणी माझ्या दारात आले. "बाई, नोड्री! गिण्ण!" नोड्री म्हणजे बघा, आणि खरवसाला कानडीत गिण्ण म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. चिमट्यात धरलेला गरम डबा माझ्या नव्या टेबलक्लॉथवर ठेवल्यावर काय होतं, हेही कळलं.

दवाखाना दुपारी दोन ते पाच बंद असतो. कंपनीच्या माणसानं नमुन्याला म्हणून काही हेड ठेवले होते, ते सुमानं अप्पांना देऊन टाकले. दुसरं तरी काय करणार होती! रोज दुपारी अप्पा अक्कांनी भरून दिलेला डबा घेऊन जायचे, यंत्र शेवटच्या आकड्याला लावायचे आणि चीक शिजवायचे. पहिल्या धारेचा घट्ट चीकच लागायचा. पातळ असला तर ऊब फिरती म्हणायचे. त्यासाठी वळसंगपासून मंगळवेढ्यापर्यंतच्या गाभण म्हशींची यादी त्यांच्या वहीत तयार झाली. कुठली कधी विणार, कुणाचा फोन नंबर. लोक फोन करून कळवायचे. एका शेतकऱ्याला मात्र शंका आली. त्यानं मला विचारलं, "बाई, अप्पा म्हशीच्या सुरकुत्या काडत्यात काय?"

मी मराठी शिकवते. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण अप्पांनी मला सगळं शिकवलं, आणि खरं सांगायचं तर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना इतकं नीट सांगता आलं नसतं.

"मोनोपोलर म्हणजे आपली मंगळवेढ्याची यष्टी," ते म्हणायचे. "एक टोक हितं, एक टोक पार तिकडं. वर हेड लावायचा, आणि दुसरी पट्टी पेशंटच्या पाठीखाली. करंटला मधली सगळी गावं करत जावंच लागतंय. म्हणून खोल. बायपोलर म्हणजे रिक्षा. दोन्ही पोल एकाच हेडात, शेजारी शेजारी. हितनं निघाला, जरा आतनं वळसा घातला, शेजारी उतरला. दोन पोलात जेवढं अंतर, त्याच्या निम्माच आत जातोय."

"आणि ते सहा पोलवालं?"

"ते हळदी-कुंकू. सगळ्यांकडं जायाचं, कुटं बसायचं न्हाय. ऊब सगळीकडं सारकी, पण वरवर."

"आणि सुया?"

इथे अप्पा आवाज खाली आणायचे. "सुया म्हणजे पोलच आत जातोय की, बाई. सुईच्या अंगाला लेप असतोय, करंट निस्ता टोकाला. वरच्या कातडीला पत्ता लागत न्हाय. आत जितं म्हणाल तितंच चटका."

पुढे पुढे त्यांनी माणसांचीही हीच वर्गवारी सुरू केली. आमचे हेडमास्तर मोनोपोलर, कारण त्यांनी इथे बोट लावलं की चटका पार पाठीला बसतो. माझे यजमान सहा पोलांचे. "सगळीकडं कोमट," असं त्यांच्या तोंडावर सांगितलं, आणि यजमान खरंच कोमट हसले. समोरच्या वहिनी सुयांच्या. मी कोण म्हणून विचारायला नको होतं, पण विचारलं.

"तुमी बायपोलर, बाई. राग सगळा वरवर. आत काय न्हाय."

मी दोन दिवस अप्पांशी बोलले नाही. त्या दोन दिवसांतला माझा राग चांगला खोल होता, हे नमूद करते.

खरी अडचण दवाखान्यात होती. अप्पा संध्याकाळी तिथल्या बाकावर बसायचे आणि येणाऱ्या पेशंटांना बघून हेड सांगायचे. एका नवऱ्या मुलीला म्हणाले, "तुला काय झालंय? जा घरी, झोप घे." ती गेली. एका मामींना म्हणाले, "तुमचं कपाळ वरवरचं हाय, सहा पोलात भागंल." मामी खूश झाल्या आणि आत जाऊन सुमाशी सहा पोलांसाठी वाद घालत बसल्या. सुमा डोक्याला हात लावायची. "दोड्डप्पा, ती माणसं आहेत. चिकाची भांडी नाहीत!"

मला माझ्या हनुवटीखाली गेली काही वर्षं एक दुसरी हनुवटी आली आहे. फळ्याकडे तोंड करून लिहिताना बरं असतं, वळलं की प्रश्न. एका शनिवारी गुपचूप, डोक्याला स्कार्फ बांधून मी सुमाकडे गेले. बाकावर अप्पा, आणि त्यांच्या शेजारी माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या आया.

"या की बाई!" अप्पा आनंदानं उभे राहिले. "हनुवटी का? मी कवापासनं बघतोय. त्यात चरबी हाय, लई खोल. बायपोलर पुरायचं न्हाय, मोनोपोलर लागणार!" आणि त्यांनी पट्टी काढली. मी स्कार्फ आणखी खाली ओढला आणि डोळे दाखवायला आले होते असं सांगून परत फिरले. कातडीच्या डॉक्टरकडे डोळे का दाखवायला आले होते, हे सोमवारी पालकसभेत कुणी विचारलं नाही. तेवढी माणुसकी सोलापुरात आहे.

असं वर्ष गेलं. अप्पांच्या तीन वह्या भरल्या. कुठल्या हेडनं, किती वेळात, किती मिलिमीटर. अखेर त्यांचं समाधान झालं. सोमवार चांगला म्हणून अक्कांना न्यायचा दिवस सोमवार ठरला. आदल्या शनिवारी अप्पा शेवटचा डबा घेऊन फाटकात आले. डोळे चमकत होते. गेल्या वर्षात मी त्यांना इतकं हलकं कधी बघितलं नव्हतं. मी चमचा घातला, आकडा सांगितला. आणि शेवटचा डबा म्हणून कौतुकानं बोलून गेले, "आज चव पण सांगते, अप्पा. नेहमीसारखा मस्त गोड झालाय."

"गोड म्हणजे?"

"म्हणजे साखर अगदी बेताची."

अप्पांना मधुमेह आहे. वर्षभरात त्यांनी स्वतः एक चमचाही तोंडात घातला नव्हता. आम्हाला चव सांगायची बंदी होती. डब्यात साखर आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं, माहीत नव्हतं ते एका अप्पांना. ते वळले आणि घरात गेले. मीही मागोमाग गेले, चमचा हातातच.

अक्का भाकरी थापत होत्या. "घालते की साखर," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आळणी गिण्ण गल्लीला द्यायचा? माझ्या घरातनं? वेलदोडा घातला तवा तुमी ओरडला, म्हणून वेलदोडा बंद केला. साखरंचं काय बोलला न्हाईत."

"कवापासनं?"

"पयल्या दिवसापासनं. चीक लई घट्ट असला की वाटीभर दूदबी घालते. पुरायला नको का सगळ्यांना?"

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. वर्षभर मुलुखभरच्या म्हशींची बाळंतपणं सांभाळणाऱ्या माणसाच्या शास्त्रात त्याच्याच बायकोनं रोज वाटीभर दूध ओतलं होतं. पण अप्पांचं तोंड बघितलं आणि हसू तिथंच थिजलं. ते जमिनीवर बसले होते.

"साखर असली की चीक उशिरा जमतोय," ते मला सांगत होते, पण स्वतःशीच बोलल्यासारखं. "म्हणजे मी चार म्हणत होतो तितं पाच असंल. सहा असंल. परवा सोमवारी मी सुमाला ह्येच आकडे सांगणार होतो. परत भाजली असती की, बाई. दुसऱ्यांदा. माझ्याच हातनं."

सुमानं येऊन परोपरीनं सांगितलं. "दोड्डप्पा, मी तुमच्या वह्या बघून उपचार करणारच नव्हते. कातडी वेगळी, चीक वेगळा. मला माझं काम येतं." अप्पा ऐकून घेत होते आणि मान हलवत होते. सोमवार गेला. पुढचाही गेला. वह्या माळ्यावर गेल्या. म्हैस व्याली म्हणून फोन आला की म्हणायचे, "व्याली तर व्याली." दवाखान्यात जाणं बंद. ओट्यावर बसून राहायचे. एक दिवस कलिंगडवाल्यानं समोर फळ कापून धरलं, तर अप्पांनी न बघताच पिशवीत टाकायला सांगितलं. तो घाबरून माझ्याकडे आला, "अप्पांची तब्येत बरी हाय न्हवं?" मला वाईट वाटत होतं. मी ते गोड वाक्य बोलले नसते तर, असं सारखं मनात यायचं.

तीन आठवड्यांनी अक्का माझ्या दारात आल्या. त्या सहसा कुणाच्या दारात जात नाहीत. मला नावानं हाक मारणाऱ्या गल्लीत त्या एकट्याच.

"सुनंदा, उद्या संध्याकाळी मोकळी हायेस का? सुमाकडं जायचंय. एकटीला जीव घाबरतोय."

"अप्पा?"

"त्यांना सांगितलंय. येतोबी म्हणाले न्हाईत, जाऊ नकोबी म्हणाले न्हाईत."

अप्पा आले. रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आम्ही आत गेलो. अक्का टेबलावर पालथ्या झोपल्या, सुमानं पदर बाजूला केला, अंबाडा वर घेतला, आणि मी तो डाग पहिल्यांदा बघितला. मानेच्या मागे, केसांखालून खांद्यापर्यंत, पंजाएवढा. मधे जाड, चकचकीत, वळ्यावळ्यांचा. सुमानं बधिर करायचं मलम लावलं. पाऊण तास थांबायचं होतं. ती दुसऱ्या पेशंटकडे गेली.

"माझे केस गुडघ्याइतके होते, सुनंदा," अक्का उशीत तोंड ठेवूनच म्हणाल्या. "सोमवारी न्हायले की दिवसभर वाळायचे न्हाईत. थंडीत सर्दी व्हायची. म्हणून ह्यांनी शेगडीची कॉइल घेतली, कुटनंतरी पंखा आणला आणि केस वाळवायचं यंत्र केलं. त्या टायमाला सोलापुरात कुणाच्या घरात असलं यंत्र नव्हतं बग. मला पाटावर पाठ करून बसवलं. लई खूश होते. आणि कॉइल तुटून उडाली ती हितं बसली." त्या जरा थांबल्या. "माझ्यासाठी केलं होतं गं त्यांनी."

मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. "इतकी वर्षं तुमचं काही अडलं नाही, अक्का. मग आता हे सुयांचं दुखणं कशाला अंगावर घेताय?"

"मला कुटं दिसतोय त्यो डाग? मागं हाय. आरशात बघायचं म्हटलं तरी दिसत न्हाय. मी तर इसरूनच जाते." अक्कांनी मान जराशी वळवली. "रोज सकाळी मी येणी घालायला पाठ करून बसते. तवा ह्यांना दिसतो. अडतीस वर्षं झाली, रोज सकाळी. त्यांच्यासाठी आलीया मी."

 

सुमा परत आली, मलम पुसलं, सुयांचा हेड लावला. मग दार उघडून म्हणाली, "दोड्डप्पा, आत या. आकडा तुम्ही सांगायचा." तिला आकडा पक्का माहीत होता. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. पण तिनं हाक मारली, आणि त्या क्षणी मला ती पोरगी फार आवडली.

अप्पा आत आले, टोपी काढून हातात घेतली आणि टेबलाच्या कडेला उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. वर्षभर ज्या माणसानं सगळ्या गल्लीला मिलिमीटर शिकवले, त्याच्या तोंडून एक आकडा निघेना.

"मधी दीड," टेबलावरून आवाज आला. "कडंला एक. कडंला पातळ हाय, बोटाला लागतंय. आणि मणक्याच्या बाजूला आणखी कमी कर, सुमा, तितं खाली हाड हाय."

आम्ही तिघंही बघतच राहिलो. पालथं पडूनही अक्कांना आमची तोंडं दिसली असावीत.

"काय बघतायसा? वर्षभर घरात दुसरं काय ऐकलं मी?"

"बरोबर आहे, दोड्डव्वा," सुमा म्हणाली, आणि तिनं यंत्र सुरू केलं.

टक् असा आवाज व्हायचा. अक्का निश्चल पडलेल्या. आणि प्रत्येक टक्‌ला अप्पा "अय्यय्यो!" म्हणून मागे सरकायचे. टक्, अय्यय्यो. टक्, अय्यय्यो. पाचव्या-सहाव्या वेळेला सुमाला हसू आवरेना, मलाही आवरेना. अप्पा मात्र हसत नव्हते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

अक्कांनी आपला हात मागे केला, हवेत चाचपला आणि अप्पांच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझं कवाच दुकायचं थांबलंय. तुमचंबी थांबू द्या की आता."

अप्पांनी तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला. सुमानं हेड वर उचलला, आणि पुढचा ठिपका द्यायच्या आधी ती जरा थांबली. तिला नीट दिसत नव्हतं.